बर्फखोलीची साक्ष

रात्रभर वाऱ्याने धूळ उडवली होती. रविवारी सकाळी पास्टरने चर्चचं दार उघडलं तर बाकांवर बोटाने नाव लिहावं इतकी माती. आभाळ मळकट, वारा अजून फटींतून शीळ घालत होता. त्याने बाह्या सारल्या, बादली भरली, फडका पिळला. बाक सव्वीस. चार पुसले की पाणी चहासारखं व्हायचं, मग नवी बादली. डाव्या पायाला दोन बोटं नाहीत, म्हणून वाकताना तो उजवीकडे झुकायचा. त्या नसलेल्या बोटांची गोष्ट मंडळीला तोंडपाठ होती.

"अहो, शर्टाला इस्त्री केलीय," बायको मागून म्हणाली. चर्चमागच्या दोन खोल्या हेच त्यांचं घर. पास्टरकी आहे तोवर घर, पास्टरकी गेली की सामान रस्त्यावर. "आज तुमच्या बाप्तिस्म्याचा दिवस. साक्ष द्यायची ना?"

"द्यायची."

"मग तोंड असं का, एरंडेल प्यायल्यासारखं?"

तो पुढच्या बाकाकडे वळला. बोलणार काय, कप्पाळ!

दर वर्षी या दिवशी तो प्रभूकडे कसा आला ते मंडळीला सांगायचा. ऐन तारुण्यात तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या रचायचा. अंगाने इतका वाळका की सगळे त्याला काड्या म्हणत. एका शनिवारी दुपारी शिफ्ट सुटली, तो आत असतानाच कुणीतरी बर्फखोलीला बाहेरून कुलूप ठोकलं आणि निघून गेलं. चार तास तो आत. देवाधर्माशी त्याचा छत्तीसचा आकडा. पण शेवटी तो ओरडला, कुणी असशील तर काढ मला! आणि दार आपोआप उघडलं. पुढे बाप्तिस्मा, पुढे पाळकपणाचं शिक्षण, पुढे हे चर्च.

बावीस वर्षांत गोष्ट अंगाने भरत गेली होती. पहिल्या वर्षी नुसतं दार उघडलं. तिसऱ्या वर्षी उजेड आला. सातव्या वर्षी उजेडाला आवाज फुटला. थोडं त्याने घातलं, थोडं मंडळीनेच. एका वर्षी तो गडबडीत शेवटाला आला तर पहिल्या बाकावरची शिंपीणमावशी मोठ्याने म्हणाली, "आणि सुगंध? सुगंध राहिला, पास्टर!" तेव्हापासून सुगंधही आला.

खरं एवढंच होतं की दार टोच्याने उघडलं. टोच्या म्हणजे त्याचा वयाने मोठा जोडीदार, टोच्याच्या अणकुचीदार टोकाने लाद्या फोडायचा म्हणून ते नाव. संध्याकाळी घरी चहा पिताना त्याच्या लक्षात आलं, निघताना काड्याची सायकल फाटकाशीच होती. तो उलटा पळत आला, पहारीने कुलूप तोडलं, काड्याला पाठुंगळी मारलं आणि दवाखाना गाठला. घाईत बर्फखोलीचं दार उघडंच राहिलं. सोमवारी मालक आला तेव्हा आठवड्याचा माल गटारात वाहून गेला होता. टोच्याची नोकरी गेली ती गेली. उरलेला जन्म त्याने हातगाडी ओढली.

पहिल्यांदा साक्ष देताना काड्याची जीभ जड झाली होती. "हाक मारली आणि दार उघडलं," एवढंच तो बोलला. खोटं नव्हतंच ते. पण चर्चचे तेव्हाचे जुने पास्टर रडायला लागले, लोक उठून उभे राहिले आणि त्या 'हालेलुया'त टोच्याचं नाव सांगायचं राहिलं. पुढच्या वेळी सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. पुढच्या वेळेपर्यंत गोष्ट एवढी फुगली होती की टोच्याला आत घ्यायला जागाच नव्हती. आणि त्याच गोष्टीच्या जोरावर त्याला शिकायला पाठवलं होतं. आता वीटच काढायची म्हटलं तर अख्खी भिंत अंगावर येणार.

काल संध्याकाळी टोच्या दारात उभा. डोक्यावर एक केस काळा नाही. चार महिन्यांपूर्वी मंडळीत आलेली नर्स ही त्याची मुलगी. म्हातारा आता तिच्याकडेच राहायला आला होता.

"काय काड्या! पोट सुटलं की रे!" तो ओट्यावर टेकला. "उद्या मी येतोय. पोरगी म्हणते, बाबा, पास्टरची बर्फाची गोष्ट ऐकाच, दार म्हणे देवदूताने उघडलं. म्हटलं, असेल बाई. फक्त विचार त्यांना, त्या देवदूतालाही मालकाने हाकललं होतं का?"

हसला आणि पाणी पिऊन गेला. ना शिवी, ना तक्रार. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दहा वाजता चर्च भरलं. गीतं झाली, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस वाटून झाला. तिसऱ्या बाकावर टोच्या, धुतलेल्या शर्टात अवघडून बसलेला. पास्टर उभा राहिला. शिफ्ट सुटली, कुलूप लागलं, इथवर गोष्ट रुळावरून आली. शिंपीणमावशीने डोळे मिटून घेतले होते.

"दार आपोआप उघडलं नाही," तो म्हणाला. "ते या माणसाने तोडलं." आणि त्याने सगळं सांगितलं. सायकल, पहार, वितळलेला माल, गेलेली नोकरी. "उजेड नव्हता. सुगंधही नव्हता, मावशी, तिथे अमोनियाचा वास मारायचा. मला आत देव आठवला नाही. आई आठवली आणि कुलूप लावणाऱ्याला द्यायच्या शिव्या आठवल्या. देव भेटला तो दवाखान्यात. जुने पास्टर रोज यायचे, माझ्या कुजलेल्या पायाची पट्टी बदलायचे. सतरा दिवस. देवाचं नाव एकदाही काढलं नाही. अठराव्या दिवशी मीच विचारलं, तुम्हाला किळस येत नाही? म्हणाले, येते की, पण तरी येतो. माझी साक्ष एवढीच. मी बावीस वर्षं तुम्हाला फसवलं. मला ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही ठरवा."

त्याने मनातल्या मनात दोन खोल्यांतलं सामान बांधायला घेतलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्या छातीवरचा दगड हलला होता.

तेवढ्यात शिंपीणमावशी उठली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "म्हणजे देवाने माणूस पाठवला! अरे, देवदूत आपल्या बाकावर बसलाय!"

"हालेलुया!" सगळं चर्च उभं राहिलं. बाया टोच्याभोवती गोळा झाल्या, कुणी नातवाच्या डोक्यावर त्याचा हात ठेवून घेतला.

"अहो, मी कसला देवदूत? मी आंघोळसुद्धा पोरीच्या धाकाने करतो!" टोच्या बोंबलत होता. मंडळी आणखीच गहिवरली. मंडळीचे सेक्रेटरी पास्टरचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "काय हा नम्रपणा! पुढच्या वर्षी दोघांची साक्ष एकत्र ठेवू. मांडव मोठा घालू."

"मी फसवलं म्हणालो, साहेब."

"तेच तर! असं कोण म्हणतं आजकाल?"

छातीवरचा दगड पुन्हा जागेवर येऊन बसला.

गर्दी ओसरल्यावर टोच्या शर्टाची चुरगळलेली कॉलर नीट करत पायरीवर आला. "काड्या, त्या खोलीतून काढला मी तुला. या गोष्टीतून काढायला पहार चालणार नाही."

"मला माफ कर."

"नोकरीचं बोललास ते कुणाच्या कानात शिरलं का रे?"

"नाही वाटत."

"मग पुन्हा सांग. शिरेपर्यंत सांगत राहा. माफीचं त्यानंतर बघू." आणि तो मुलीचा हात धरून पायऱ्या उतरला.

मागच्या खोलीत बायकोने प्रभुभोजनाचे इवलेसे पेले टबात काढून ठेवले होते. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ते सतरा दिवस. मला कधी सांगितले नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस."

"मला वाटायचं मला माहीत आहे." तिने टब त्याच्याकडे सरकवला. "जेवायच्या आधी सांगाल?"

"सांगतो," तो म्हणाला. स्टूल ओढून बसला, बाह्या वर केल्या आणि पहिला पेला पाण्यात बुडवून अंगठ्याने आतून फिरवू लागला.