गोळीचा सौदा

मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांतील समस्त दोन पायांच्या व चार पायांच्या रहिवाशांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या मामेसासऱ्यांनी हयातीत कोणतीही वस्तू सांगितल्या भावाने घेतलेली नाही. यात बैल आले, मामींची लुगडी आली, लग्नाचे मुहूर्त आले आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली कोलेस्टेरॉलची गोळीही आली. शेवटचे प्रकरण घडले तेव्हा मी जातीने हजर होतो, म्हणून साक्ष देणे मला भाग आहे.

मामा, म्हणजे माझ्या बायकोचे मामा, बैलांचे दलाल. मुरबाडजवळच्या गावात घरचे भाताचे शेत होते, पण ते मामी बघायच्या. मामांचा जीव बाजारात. म्हसा गावची गुरांची जत्रा भरली की उपरणे झटकून निघायचे. उपरणे दोन हातांवर टाकायचे, त्याखाली विकणाऱ्याची बोटे दाबायची आणि सौदा तोडायचा, म्हणजे पक्का करायचा. भोवती माणसांचे कोंडाळे उभे असले तरी भाव कोणाला कळत नसे. वर तोंडाने जे चालायचे ते निव्वळ नाटक. "जावाय," ते मला समजावत, "तोंडानं सांगतो तो भाव नाय, ती नुसती इच्छा. खरा भाव उपरन्याखाली." हे तत्त्व ते सगळ्या सृष्टीला लावत. मी शहापूरहून दुपारपर्यंत पोचतो असा निरोप धाडला की ते संध्याकाळ धरीत आणि एसटीच्या कृपेने नेहमी बरोबर ठरत. माणूसही ते बैलासारखाच पारखत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीचे माझा पगार विचारत होते. मामांनी मला विहिरीपर्यंत चालत जाऊन परत यायला लावले, मागून नीट पाहिले आणि ओटीवर जाहीर केले, "चाल सरळ हाय. द्या पोरगी." माझे लग्न माझ्या पोटऱ्यांवर जमले, हे आमच्या घरात आजही विसरू दिले जात नाही.

मोबाइलची रेंज मिळवायला माळावर चढावे लागे त्या काळात, एका जत्रेत मामांच्या छातीत कळ आली आणि ते कडब्याच्या ढिगावर बसले ते उठेनात. तपासण्या झाल्या. मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगितले, रक्तात चरबी फार, हृदयाच्या नळ्या अरुंद होऊ लागल्यात, रोज रात्री एक गोळी, कायमची. मामांनी मान डोलावली. घरी येऊन पानाचा डबा उघडला, अडकित्ता काढला आणि सुपारीसारखी गोळी कातरली. "एक सांगितली म्हंजे खरी अर्धीच," ते म्हणाले.  मामी चार माणसांत कधीच काही बोलत नसत. फक्त उरलेल्या अर्ध्या गोळ्या त्यांनी देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी एका डबीत जपून ठेवायला सुरुवात केली.

पुढच्या तपासणीत चरबी हवी तशी उतरली नव्हती. डॉक्टरांना अडकित्त्याची वार्ता नव्हती, त्यांनी गोळी मोठी करून दिली. मामा विजयी मुद्रेने म्हणाले, "बगितलं? गिऱ्हाईक अडलंय कळलं की भाव वाडवतात." त्याच रात्री अडकित्ता नाहीसा झाला. मामींना विचारले तर त्या तांदूळ निवडत राहिल्या. गोळी दातांनी तोडावी तर मामांच्या दातांचा आणि गोळ्यांचा तेव्हा फारसा स्नेह नव्हता, त्यामुळे नाइलाजाने अख्खी गोळी पोटात जाऊ लागली आणि काही आठवड्यांत मांड्या भरून आल्या, पोटऱ्या ठणकू लागल्या. जिना उतरताना ते कठडा धरू लागले. पण दुखते असे म्हणतील तर ते मामा कसले. मला अंगणात उभे करून ते चालून दाखवत. "मागनं बगा जावाय. मागला पाय वडतंय का? बैल असता तर मी घेतला नसता."

मग त्यांनी गोळी सोडूनच दिली आणि गावाने त्यांना हातात घेतले. कोणी उपाशीपोटी लसूण सांगितला, कोणी अर्जुनाच्या सालीचा काढा, कोणी भिजवलेली मेथी, कोणी जवसाची चटणी. नवा बैल जुवाखाली घालून बघावा तसे मामांनी प्रत्येक औषध चालवून पाहिले. लसणीच्या दिवसांत सौदे भराभर तुटले, कारण उपरण्याखाली हात देऊन समोरचा माणूस तोंड फिरवायचा आणि मिळेल तो भाव कबूल करून मोकळा व्हायचा. काढ्याची साल ते स्वतः रानातून आणत आणि तो इतका कडू करीत, की दारावरचा कुत्रा वासानेच गोठ्यात जाऊन निजे. पाय मात्र सुधारले, आणि मामांची खात्री पटली की रोग गोळीतच होता. मग एका सकाळी विहिरीवरून येताना ते छातीवर हात दाबून मध्येच थांबले. मामींनी ते पाहिले. त्याच दिवशी शेजारच्या पोराला माळावर चढवून त्यांनी मला निरोप धाडला: त्यांना दवाखान्यात न्यायचं हाय, या.

आम्ही तिघे काळ्या-पिवळ्या जीपमधून मुरबाडला गेलो. डॉक्टर भला माणूस. माझ्याकडून अडकित्त्याची कथा ऐकून त्यांनी आधी चष्मा पुसला, मग विचारले, "मामा, पाय दुखत होते तर मला का नाही सांगितलं? या गोळीनं काहींचे स्नायू दुखतात. त्यावर इलाज असतो."

"इकनाऱ्याला आपली अडचन कोन सांगतो?" मामा म्हणाले.

डॉक्टरांनी छाती तपासली, स्नायूंसाठी वेगळे रक्त तपासायला दिले आणि अहवाल पाहून आम्हाला पुन्हा बोलावले. स्नायू ठीक होते. छातीला मात्र गोळी हवीच होती. "दुसऱ्या जातीची देतो, अगदी लहान," ते म्हणाले. "जवस खा, चाला, काही हरकत नाही. पण नुसत्या लसणीवर हे भागणार नाही. आणि काढा गोळीबरोबर चालेल की नाही मला माहीत नाही, म्हणून तो बंद. गोळी रोज रात्री."

मामा उपरणे सारखे करून उठू लागले. डॉक्टरांनी ते पाहिले आणि टेबलावर हात पुढे केला. "टाका उपरणं. शिकवा मला."

मामांचा चेहरा उजळला. एक बोट म्हणजे आठवड्यातली एक रात्र, एवढे ठरले आणि दोघांचे हात उपरण्याखाली गेले. बाहेर पेशंट खोळंबले, कंपाउंडर दारात उभा राहिला. उपरणे हलायचे, थांबायचे. मामा वर छताकडे बघत पावसापाण्याच्या गोष्टी करीत होते. डॉक्टरांना दोन्ही जमेनात, त्यांना घाम फुटला. मग उपरणे हलायचेच थांबले. मामा एका बोटावर अडून बसले होते, हे नंतर कळले. बाजारात अशा वेळी ते हात काढून घेत आणि निघून जात, हे मला माहीत होते. मामींनाही माहीत होते. मामांचा खांदा मागे सरकताना मी पाहिला, आणि तेवढ्यात बाकावरून मामी बोलल्या.

डॉक्टर नंतर मला म्हणाले की त्या वाक्यासरशी मामांचा हात एकदम ढिला पडला आणि त्यांनी मुकाट्याने बोटे वाढवली. एक रात्र आड एक गोळी, असा सौदा तुटला. बैलाबरोबर दावे फुकट मिळते तशी जवसाची चटणी मिळाली. पुढचा अहवाल चांगला आला, पाय दुखले नाहीत आणि मामा त्यानंतर पुष्कळ जत्रा फिरले, दर जत्रेला मामींना विचारून.

ते उपरणे आता शहापूरला आमच्या कपाटात असते. गावात ट्रॅक्टर आले, बाजारात बैल उरले नाहीत, ते कोणाच्या हातावर टाकणार? कधी उन्हात घालायला काढले की मामांचे सगळे गाजलेले सौदे मला आठवायला हवेत. पण आठवते ते एवढेच की भिंतीलगतच्या बाकावर, पदर डोक्यावर घेऊन, आयुष्यात कधी भाव न केलेली ती बाई मामांकडे बोट करून दवाखानाभर ऐकू जाईल अशी म्हणाली होती:

"डाक्टर, तुमी बोटं कितीबी दाबा, पन हा बैल इकायचा नाय."