कादंबरीतला सोबती

महिन्यातल्या एका रविवारी दुपारी दौंडला आम्ही दहा-बारा जण जमतो आणि सगळ्यांनी वाचून आणलेल्या एका पुस्तकावर बोलतो. बसायला बुद्धविहारामागची खोली आहे. तिची किल्ली रेल्वेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंकडे असते. मी शिरूरहून एसटीने जाते. वर्तमानपत्राच्या डेस्कवर इतकी वर्षं लोकांचं बोलणं कापून चार ओळींत बसवलं. इथे ते न कापता ऐकता येतं.

त्या महिन्यात एक भाषांतरित कादंबरी होती. तिच्यातल्या देशात बाईला एकटीने उंबऱ्याबाहेर पडायला मनाई आहे. बाहेर जायचं तर सरकारने नेमलेला पुरुष बरोबर हवा. ती कुणाला भेटली, काय बोलली, हे तो संध्याकाळी वर कळवतो. भाषांतरात त्याच्यासाठी शब्द होता ‘सोबती’.

आमच्यातली सर्वांत तरुण वाचक वरवंडची. पाबळला वसतिगृहात राहून शिकलेली. तिला कारेगावच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, हजर व्हायचं होतं. शिफ्ट सांभाळून वरवंडहून रोज ये-जा जमण्यासारखी नव्हती. दोन मुलींबरोबर खोली घेऊन तिकडेच राहावं लागणार होतं. वडील हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. ते तिला मोटारसायकलवर बैठकीला आणत आणि संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहत. निघताना मलाही विचारत, “ताई, शिरूरपर्यंत सोबत हाय का?” मी नाही म्हटलं की बापलेक एसटी सुटेपर्यंत स्टँडवर थांबत.

चर्चेला तोंड फोडलं गावच्या विकास सोसायटीच्या माजी चेअरमननी.

“असं राज्य कुठं असतंय व्हय? आमच्या गावाला सरपंच बाई हाय.”

“बाई तुमच्याच घरातली,” बाई म्हणाल्या. “आणि मीटिंगला तुम्ही बसता.”

“मी निस्ता सोबतीला जातो.”

सगळे हसले. चेअरमनही हसले, मग त्यांची नजर पुस्तकावर गेली.

बाईंना कादंबरी जुनीच गोष्ट वाटली होती. त्यांच्या आईला पाणवठ्यावर जायचीही चोरी होती, आणि ती बंदी सोबतीने सुटणारी नव्हती. “आम्हाला अडवणारे वेगळे होते,” त्या म्हणाल्या. “त्यांना कुणी सोबती म्हटलं नाही, एवढाच फरक.”

तेवढ्यात दारातून आवाज आला. मुलीचे वडील पायरीवरून उठून चौकटीत उभे होते, हातात हेल्मेट.

“म्या बी वाचलंय. उसाला पाणी धरता धरता. बोललं तर चालंल?”

“या ना आप्पा, बसा,” बाई म्हणाल्या.

ते उभेच राहिले. “मला त्यो सोबती आवडला. ती दवाखान्यात जाती तवा दिवसभर उन्हात उभा ऱ्हातो. पाणीसुदिक पीत न्हाई. इमानदार गडी. बाकीची माणसं काय कामाची न्हाईत त्या पुस्तकातली.”

चेअरमनना हसू आवरेना. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते थांबले.

“आप्पा,” बाई हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, तो पहारेकरी आहे. ती पळू नये म्हणून उभा असतो.”

“व्हय? पण त्याला सोबती म्हणत्यात की.”

“पहारा वाटू नये म्हणून तर तसं म्हणत्यात, आप्पा,” मुलगी म्हणाली.

ते हेल्मेटची काच वर-खाली करत राहिले. पाबळला असताना दर शनिवारी ते तिला घ्यायला फाटकाशी उभे असत, हे तिनेच मागे एकदा सांगितलं होतं, आणि सांगताना तिच्या आवाजात कौतुक होतं.

“म्हंजी मी बी त्यातलाच?”

“न्हाई ओ. तुम्ही कुठं कुणाला जाऊन सांगता?” ती थांबली. “फकस्त पुस्तकातल्या बाईला कवा कुणी इचारलं न्हाई, सोबत पायजे का म्हणून.”

“मी इचारलं का कवा?”

“न्हाई.”

आप्पा चपला काढून आत आले आणि सतरंजीच्या कडेला बसले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच.

“मग आता इचारतो. उद्या कारेगावला सोबत येऊ का?”

ती म्हणाली, “उद्या या. गादी हाय, बादली हाय, मला एकटीला उचलायचं न्हाई. परवापासनं नको.”

“परवापासनं नको,” त्यांनी म्हणून पाहिलं. “बरं.”

पुढच्या बैठकीला ते एकटेच आले. मुलीची रविवारी शिफ्ट होती. नवं पुस्तक त्यांनीच तिच्यासाठी घेतलं, आणि आधी आपण वाचणार म्हणाले. निघताना मी पिशवी उचलली, तसे ते सवयीने माझ्याकडे वळले.

“ताई, शिरूरपर्यंत सोबत हा...” पुढचा शब्द त्यांनी गिळला. थोडा विचार केला. “सोबत पायजे का?”

“स्टँडपर्यंत चालेल,” मी म्हटलं.