रात्रपाळीच्या घरातली सकाळ

आमच्या घरात सकाळ ही चोरून करायची गोष्ट होती. पप्पा अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत कायम रात्रपाळीला होते. उजाडता उजाडता ते सायकलवरून बदलापूरला, मांजर्लीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरी यायचे आणि आम्ही डोळे चोळत उठायच्या आत आडवे व्हायचे. मग आईचं राज्य सुरू. दाराची बेल बंद करून ठेवलेली. दूधवाल्याने पिशवी कडीला अडकवून निघून जायचं. कुकरची शिट्टी म्हणजे तर महापाप, म्हणून डाळ पातेल्यात शिजायची आणि कधीच धड शिजायची नाही. आई बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणायची, तीसुद्धा नुसते ओठ हलवून. ताई आणि मी खुणांनी भांडायचो. खुणांच्या भांडणात शेवटचा शब्द कोणाचा ते ठरत नाही, त्यामुळे आमची भांडणं दुसऱ्या दिवशीही चालू असायची.

मला सकाळ अजिबात आवडायची नाही. मुळात मी झोपाळू, त्यात उठल्या उठल्या तोंड दाबून वावरायचं. मैत्रिणींच्या घरी सकाळी रेडिओ लागायचा, आरडाओरडा चालायचा, त्याचा मला चक्क हेवा वाटायचा.

मी नववीत गेले त्या वर्षी पप्पांची कंपनी बंद पडली. नोकरी गेली, पण रात्रपाळी काही गेली नाही. रात्रभर ते खिडकीशी बसून असायचे. पहाटे कुठे डोळा लागायचा, तो थेट दुपारी उघडायचा. आई आडून आडून बोलायची. पप्पा म्हणायचे, "शरीराला सवय झालीय, काय करू?" ते खोटं बोलत नव्हते. इतक्या वर्षांची सवय म्हणजे काही अंगातला शर्ट नव्हे, काढला आणि खुंटीला लावला.

थंडीच्या सुरुवातीला एका ओळखीच्या माणसाने त्यांना दुसऱ्या कंपनीत चिकटवून दिलं. काम मशीनवरचंच होतं, पण पाळी पहिली, सकाळी सातची. सुपरवायझरने आधीच सांगून टाकलं होतं की पहिला महिना बघणार, उशिरा येणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवणार. ताईचं बारावीचं वर्ष होतं. उल्हासनगरहून येणाऱ्या जीन्सचे सुटलेले दोरे कापून आई घर रेटत होती. हे काम टिकायलाच हवं होतं, आणि ते पप्पा सकाळी उठतात की नाही एवढ्यावर अडलं होतं. घरात कोणी तसं बोलून दाखवलं नाही. आम्हाला न बोलण्याची सवयच होती.

आदल्या रात्री आईने लवकर वाढलं, लवकर दिवे घालवले. पप्पा बाहेरच्या खोलीत पांघरूण घेऊन मुकाट पडले. घरात घड्याळ एकच, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं. पप्पांनी हातात घड्याळ कधी घातलं नाही, त्यांचं सगळं कंपनीच्या भोंग्यावर चालायचं.

"उठा, साडेपाच वाजून गेले," आईने हाक मारली तेव्हा पप्पा आधीच उठून बसले होते, डोळे लालभडक. आंघोळ, पोहे, डबा, सगळं भराभर आणि सवयीने दबक्या आवाजात झालं. सायकलची किल्ली घेऊन पप्पा जिना उतरले.

"लाव गं रेडिओ," आई मला म्हणाली. "आता कोण झोपलंय?"

मी हौसेने बटण फिरवलं. नुसती खरखर. मागे फिरवलं, पुढे फिरवलं, तरी खरखरच. "सेल गेले असतील," ताई म्हणाली. मी खिडकीतून पाहिलं तर समोरच्या बिल्डिंगमध्ये एकही दिवा नव्हता. नदीवरचं धुकं रस्त्यावर पसरलं होतं आणि कुत्रीसुद्धा गाढ झोपली होती.

बऱ्याच वेळाने जिन्यात पप्पांची पावलं वाजली. वाटलं, गेली नोकरी, पहिल्याच दिवशी.

"घड्याळ कोणी पुढं केलं?" पप्पांनी दारातूनच विचारलं. पुलाजवळच्या चहावाल्याला त्यांनी वेळ विचारली, तेव्हा तो नुकता स्टोव्ह पुसायला बसला होता. "अंकल, अभी तो चार बजे हैं, किधर चले?" म्हणून तो हसला होता.

"मी केलं," आई म्हणाली. "अर्धाच तास. म्हटलं, माझाच डोळा लागला तर काय घ्या."

"मी पण अर्धा तास केलंय," ताई म्हणाली. "जेवणं झाल्यावर."

रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा स्टुलावर चढून मीही तेच केलं होतं. तसं मी सांगितलं. प्रत्येकीला वाटत होतं, हे गुपित आपलं एकटीचं. आई तर मनातल्या मनात आपला अर्धा तास वजा करूनच उठली होती. मला हसू आवरेना. ताई मात्र सायन्सवाली, तिने हिशोब घातला. "दीडच तास होतो हा," ती म्हणाली. "घड्याळ दोन तास पुढे आहे."

पप्पा खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते.

"मी पण केलं," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्या झोपल्यावर. माझा माझ्यावर भरवसा नव्हता."

रात्र रात्र एकट्याने मशीन सांभाळणारा आमचा बाप गणिताच्या पेपरला मी घाबरते तसाच घाबरला होता. मला इतकी माया दाटून आली की रडूच आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

पप्पांनी भिंतीला पाठ टेकली. ही त्यांची रोजची डोळा लागायची वेळ. पापण्या जड व्हायला लागल्या तशी आई सावध झाली. "यांना झोपू देऊ नका," ती म्हणाली आणि तिने चक्क कुकर लावला. शिट्टी झाली तेव्हा आम्ही तिघी दचकलो. मग आईने मेणबत्ती लावली आणि वंदना मोठ्याने, चांगल्या खणखणीत आवाजात म्हटली. ताईने बेल सुरू करून वाजते का ते तीनदा पाहिलं. शेजारच्या काकू घाबरून स्वेटर चढवत दाराशी आल्या.

"काय झालं गं? कोणी गेलं का?"

"कोणी नाही गेलं," आई म्हणाली. "आमचे हे कामाला चाललेत."

काकूंनाही मग चहा मिळाला. ताईने माझ्या वेण्या घालायला घेतल्या आणि केस ओढले म्हणून मी तिच्यावर तोंडभर ओरडले, तिने दुप्पट आवाजात उत्तर दिलं. पप्पा डोळे ताणून आमच्याकडे बघत होते.

"रोज एवढं भांडता तुम्ही?"

"रोज," ताई म्हणाली. "तुम्हाला कळत नव्हतं."

रेडिओ सुरू झाला, खिडकी करडी झाली, आणि पप्पा पुन्हा निघाले. गेट उघडायच्या आधी ते गेटवर होते. संध्याकाळी आले, जेवले आणि पाठ टेकताच घोरायला लागले. त्यांना रात्री झोपलेलं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. ताई आणि मी दाराशी उभ्या राहून बघत राहिलो.

नोकरी टिकली. ताईचं कॉलेज त्याच पगारावर झालं. पण मला आठवते ती पप्पांच्या कामाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. घड्याळ पप्पांनी स्वतः बरोबर लावून ठेवलं होतं आणि कोणी त्याला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली होती. बाहेर अंधार होता आणि कोणीतरी मला हलवत होतं. हात खरखरीत होता, आईचा नव्हता. पप्पा आंघोळ करून, भांग पाडून उभे होते. आई अजून उठायची होती.

"ऊठ गं बाई. शाळा नाही का?"

मला उठवायला ते आयुष्यात पहिल्यांदा आले होते. आणि मी काय करावं? पांघरूण डोक्यावर ओढून म्हटलं, "पाच मिनिटं, पप्पा."

"बरं," ते म्हणाले, आणि माझ्या उशाशी बसून राहिले.