कापूस चावला

प्रथम क्षमा मागतो. ज्याने एकच हंगाम नोकरी केली त्याने धंद्यातले अनुभव सांगायला बसणे म्हणजे गोदावरीत घोट्यापर्यंत पाय भिजवून पोहण्यावर व्याख्यान देण्यासारखे आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नाही. लिहिण्याच्या नावाने आजवर सगळ्यांनी अंगठेच उठवले. बोर्डिंगच्या हस्तलिखितासाठी ‘कामाचा एखादा खरा अनुभव’ द्या, असे आमच्या सरांनी सांगितले. माझ्याजवळ खरा अनुभव हा एकच आहे, आणि तो काही शौर्याचा नाही. तरी लिहितो.

नांदेडच्या एका जिनिंग फॅक्टरीचे फाटक. फाटकात तीन बैलगाड्या, कापसाने गच्च भरलेल्या. पहिल्या गाडीला टेकून कंधारकडच्या कौसाबाई पाटलीण उभ्या. समोर आमचे शेठजी, हातात नमुन्याची पुडी. शेठजींच्या मागे मी, दोन्ही हात कोटाच्या खिशांत.

“बाई, कापूस ओला आहे. गाड्या परत न्या,” शेठजी म्हणाले.

“काय बोलून ऱ्हायलाव शेठ?” पाटलीणबाईंनी पदर खोचला. “माझ्या कापसात पाणी? आवंदा आमच्या हिरीत पाणी न्हाई, कापसात कुठून येईल?”

“नमुना ओला आहे.”

“नमुना कुणी काढला?”

शेठजींनी मागे न बघता अंगठ्याने माझ्याकडे दाखवले.

इथे थोडे थांबून धंदा समजावून सांगितला पाहिजे, नाही तर माझे हात खिशांत का होते ते कळणार नाही.

शेतातून येतो तो कापूस. त्यात बी असते, ती सरकी. जिन म्हणजे सरकी वेगळी करणारे मशीन. उरते ती रुई. रुई दाबून गठाणी बांधायच्या तो प्रेस. पण या सगळ्याच्या आधी फाटकात एक माणूस लागतो, तो पारखी. तो गाडीतून मूठभर कापूस काढतो, सरकी टाकून देतो, आणि राहिलेला पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ओढतो. असे काही वेळा केले की तंतू सरळ होतात. त्याला धागा म्हणतात. धागा लांब तर भाव चांगला. आमच्या भागातल्या गावरानी कापसाचे नाव त्या धाग्यावरच आहे. मग तो पुंजका पुडीत बांधून शेठजींच्या गादीवर जातो आणि तिथे भाव ठरतो.

काही लोक वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी शिंपडून आणतात. असा कापूस जिनमध्ये गुंततो आणि गठाणीत पिवळा पडतो. म्हणून ओला म्हटले की गाडी परत, आणि गाडीच्या मालकाचे नाव बाजारभर.

आता माझी अडचण. मला कोरडा कापूस ओढवत नाही. ओढताना त्यातून एक बारीक करकर निघते. ती कानाला फारशी ऐकू येत नाही, दातांना येते. दातांतून मानेत, मानेतून पाठीत, आणि मग अंगभर काटा. लहानपणापासून हे असेच आहे. घरचे वेचणीला न्यायचे आणि मी पहिल्याच ओळीत रडायला बसायचो. आईने दृष्ट काढली. वडिलांनी आधी कान धरला, मग हात टेकले. “हे पोरगं शेताच्या कामाचं न्हाई, शाळेत टाका,” म्हणाले. विद्येची आवड मला पुढे लागली. शाळेत मी गेलो तो कापसाच्या भीतीने.

गंमत म्हणजे जिनच्या धडधडीचा मला काहीही त्रास नाही. जेवणाच्या सुट्टीत मी मशीनच्या भिंतीला डोके टेकून झोपत असे. लोकांना वाटे, काय दणकट पोरगा आहे.

गेल्या साली हिवतापाने माझी हजेरी बुडाली आणि कॉलेजचे वर्ष गेले. वडिलांनी सरळ सांगितले, “शेठकडं एक हंगाम पुरा कर. केलास तर कालेज. न्हाई तर औत धर.” नोकरी वजनाच्या आणि भावाच्या चिठ्ठ्या लिहिण्याची होती, एक प्रत सरकारासाठी उर्दूत, एक शेतकऱ्यासाठी मराठीत. कापसाला हात लावायचा नव्हता. मी आनंदाने गेलो. फॅक्टरीत मला सगळे ‘कालेज’ म्हणत. नाव कोणी विचारले नाही.

मग करीमचाचा, आमचे पारखी, मुलीच्या लग्नाला उदगीरला गेले. लग्न झाले, वलीम्याची मेजवानी झाली, तरी चाचा परत येईनात.

शेठजींनी मला गादीवर बोलावले. “कालेज, उद्यापासून नमुने तू काढ.”

“शेठजी, मला पारख नाही.”

“पारख मी करतो. तू फक्त ओढ.”

“पण माझ्या बोटांना...”

“बोटं आहेत ना?”

“आहेत.”

“मग झालं.”

खरे तेव्हाच सांगायला हवे होते. पण काय सांगणार? शेतकऱ्याच्या पोराला कापूस सोसत नाही, हे वाक्य मी मनात जुळवून पाहिले. ऐकणारा हसेल आणि घरी पाठवील, असे वाटले. घरी औत वाट बघत होते.

पहिल्या दिवशी मी बोटांना रुमाल गुंडाळला. पुंजका निसटू लागला. दुसऱ्या दिवशी दातांत लवंग धरली. करकर झाली आणि लवंगेऐवजी जीभ चावली. मग मनातल्या मनात फारसीची क्रियापदे म्हणत ओढू लागलो. त्याचा परिणाम एवढाच झाला की आता फारसीच्या तासालाही माझ्या अंगावर काटा येतो.

एका दुपारी भाकरी खाऊन हात धुतले आणि न पुसताच फाटकात आलो. गाडी उभी होती. नमुना ओढला आणि काय आश्चर्य! कापूस गप्प. ओल्या बोटांखाली तो अगदी शहाण्या मुलासारखा लांब झाला. मला इतका आनंद झाला की गाडीवाल्याला मी उगाच राम राम केला. त्या दिवसापासून कोटाच्या उजव्या खिशात एक ओले फडके ठेवू लागलो. बोटे त्यावर टेकवायची, नमुना ओढायचा, पुडी बांधायची. माझ्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

शेठजींच्या दृष्टीने तो तिथूनच सुरू झाला. ते पुडी उघडून पुंजका गालाला लावत. गाल हेच त्यांचे यंत्र. “ओला,” ते म्हणत. पुढची पुडी. “हाही ओला!” गाड्या परत जाऊ लागल्या.

मला कळायला नको होते का? आज मला तसेच वाटते. पण त्या वेळी मी मनापासून शेतकऱ्यांनाच दोष देत होतो. रोज संध्याकाळी शेठजी विचारत, “कालेज, लोक इतके बेइमान कधी झाले?” आणि मी गंभीरपणे म्हणे, “काळ बदलला, शेठजी.”

बाजारात बोभाटा झाला. ह्या गावचे लोक त्या गावच्यांकडे संशयाने बघू लागले. कोणी म्हणाले, दव जास्त पडते. शेठजींनी कंधारच्या वाटेवरच्या नाल्यावर पहारा बसवला. आमचा चौकीदार सखाराम दिवसभर काठी घेऊन पाण्याकडे बघत बसे. पाण्यात गाडी घालणारा एकही माणूस त्याला सापडला नाही. त्यावरून शेठजींनी निष्कर्ष काढला की चोर फार हुशार आहेत.

अशा वेळी कौसाबाई पाटलीण आल्या होत्या. नवऱ्याच्या मागे शेती त्याच बघत, आणि गाड्यांबरोबर स्वतः येत.

“हे पोरगं काढतंय व्हय नमुना?” त्यांनी मला पायापासून टोपीपर्यंत पाहिले. “शेठ, तुमी या. गाडीवर चढा. हात घाला.”

“बाई, मी कशाला...”

“चढा म्हनते ना!”

आमचे शेठजी देहाने भरलेले. दोन हमालांनी खालून रेटा दिला आणि ते गाडीवर पोचले. त्यांनी खांद्यापर्यंत हात कापसात घातला. तळातून मूठ काढून गालाला लावली. पुन्हा लावली. मग दुसऱ्या गालाला लावली.

“सुका आहे,” ते हळू आवाजात म्हणाले.

पाटलीणबाईंनी त्याच मुठीतली सरकी उचलून दाताखाली फोडली. कट्! “ऐकलाव? वली सरकी वाजती का कदी?”

शेठजींनी गाडीवरूनच मला हाक मारली. “कालेज, माझ्यासमोर नमुना काढ.”

सगळे फाटक बघत होते. खिशात हात घालून फडक्याला बोटे लावण्याची सोय नव्हती. हात मी मघाशीच खिशांतून बाहेर काढले होते आणि भीतीने ते घामेजले होते. त्याचा उपयोग होईल अशी मला आशा वाटली. पण वाऱ्याने ते सुकून गेले असावेत. मी पुंजका घेतला, डोळे मिटले आणि ओढला.

कर्र.

माझ्या तोंडून काय निघाले ते मला ठाऊक नाही. लोक सांगतात, बैल बिचकले. मी उजवा हात झाडत दोन उड्या मारल्या एवढे आठवते.

“विच्चू!” कोणीतरी ओरडले. “कालेजला विच्चू चावला!”

मग कोणी मला बोलू देईना. एका हमालाने माझ्या दंडाला सुतळी आवळली. सुतळीही मला सोसत नाही, म्हणून मी आणखी ओरडलो. ते ऐकून त्याने आणखी आवळली. दुसऱ्याने कांदा ठेचून आणला. चौघांनी पहिली गाडी उपसायला घेतली. शेठजी अजून गाडीवरच होते. ‘विंचू’ ऐकताच ते हमालांच्या मदतीशिवाय, एका उडीत खाली आले.

पाटलीणबाईंनी माझे मनगट धरले. “कुठं चावला रे लेकरा?”

“विंचू नाही, बाई.”

“मग काय चावलं?”

“कापूस.”

हमालाच्या हातातली सुतळी सुटली. मग जे हसणे उठले ते जिनच्या वर ऐकू गेले. मशीनवरचा माणूस काय झाले ते बघायला बाहेर आला. “कापूस चावला! कालेजला कापूस चावला!” गाडीवाले एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले.

शेठजी हसले नाहीत. मला दंडाला धरून गादीवर नेले. पाटलीणबाई मागोमाग आल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते, पण अडवणार कोण? तिथे मी सगळे सांगितले. वाक्य जुळवायला मला वेळ लागला नाही. खिशातले फडके काढून गादीवर ठेवले, तसा खालच्या चादरीवर ओला डाग पसरत गेला.

शेठजींनी फडके उचलून गालाला लावले. “म्हणजे मी नाल्यावर पहारा बसवला,” ते म्हणाले, “आणि नाला माझ्या फाटकात उभा होता.”

“शेठजी, चूक झाली. पण मला काढू नका. काढलंत तर कॉलेज सुटेल.”

“कापूस सोसत नाही असं कधी असतं काय? नखरे!”

“असतं की,” पाटलीणबाई मधेच म्हणाल्या. “उलथन्यानं तवा खरवडला की माझ्या पाठीतून मुंग्या जात्यात. लगीन झाल्यापासून.”

“मग तुम्ही काय करता?” मी आशेने विचारले.

“सून खरवडती. मी तवर अंगनात उभी ऱ्हाते.”

शेठजींनी कपाळ धरले. मला वाटले, संपले. पण ते माझा विचार करतच नव्हते. “बाजारात हे कळलं तर?” ते स्वतःशीच पुटपुटले. “इतक्या गाड्या मी परत घालवल्या. लोक मला काय म्हणतील?”

“मी न्हाई सांगत कुनाला,” पाटलीणबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकून ऐसपैस बसल्या. “भावाचं तेवढं बगा.”

त्या दिवशी कौसाबाईंच्या कापसाला हंगामातला सगळ्यात वरचा भाव मिळाला.

मला काढले नाही. काढले असते तर का काढले ते सांगावे लागले असते. सखारामला नाल्यावरून उठवून नमुने ओढायला बसवले. त्याची बोटे पायताणासारखी होती, त्याला कशाचीच करकर लागत नसे. मी पुन्हा चिठ्ठ्या लिहू लागलो. ओला कापूस येणे अर्थातच बंद झाले. शेठजींनी बाजारात सांगितले, “पाहिलंत? पहारा बसवला आणि चोऱ्या थांबल्या.” सखारामला पुढच्या दसऱ्याला नवे धोतर कबूल झाले. मी संक्रांतीपर्यंत हंगाम पुरा केला. वडिलांनी शब्द पाळला.

यातून काय शिकलो? ज्याला जे सोसत नाही ते त्याने पहिल्याच दिवशी सांगावे. लाज वाटते, पण लाज एका माणसापुरती असते. लपवली की साऱ्या बाजाराला भिजवते. दुसरे असे की हसणाऱ्यांना भिऊ नये. ते एक दिवस हसतात, मग त्यांना दुसरे काम असते.

लेख इथेच संपवणार होतो. पण परवा बोर्डिंगात जेवताना लातूरचा एक मुलगा शेजारी बसला. त्याचे काका तिथल्या एका जिनमध्ये मुनीम आहेत. तो सांगू लागला की गेला हंगाम त्यांच्या शेठला लाभला तसा कधीच लाभला नव्हता. अहमदपूर आणि कंधारच्या बाजूच्या गाड्या नांदेडहून रुसून आपोआप लातूरला आल्या. कापूस एक नंबर गावरानी, खडखडीत वाळलेला, आणि गाडीवाले मिळेल त्या भावाला द्यायला तयार.

“नांदेडला कोणी कॉलेजात शिकलेला पारखी ठेवला होता म्हणे,” तो म्हणाला. “आमच्या शेठनी त्यांच्या शेठला पेढे पाठवलेत आणि निरोप दिलाय : त्या पोराला जपा. पुढच्या हंगामातही फाटकात त्यालाच उभा करा.”