गच्चीवरची चादर

जुन्नरच्या बाजारपेठेत साड्यांचं एक जुनं दुकान आहे. दुपारी मालक जेवायला घरी जातात, जेवून जरा पडतात, आणि तेवढा वेळ दुकान त्यांच्या बायकोकडे असतं. सगळी गल्ली तिला भाभी म्हणते. तिच्या आजेसासऱ्यांनी राजस्थानातून येऊन हे दुकान घातलं. भाभी मात्र जवळच्याच आळे गावची, तिथल्या किराणा दुकानदाराची मुलगी. मी जवळच्या शाळेत गणित शिकवते. शाळा सकाळची असल्यामुळे दुपार मोकळी. आणि आमच्यातली तिसरी एसटीत कंडक्टर. शिनोलीच्या पुढे डोंगरात तिचं माहेर, भात आणि नाचणी पिकवणारं घर. तिची गाडी दुपारी जुन्नर स्टँडला थांबली की ती तिकिटाचं मशीन खांद्याला अडकवूनच दुकानात यायची.

आम्हा तिघींना बांधणारी गोष्ट सांगितली तर लोक हसतात. आम्ही अ‍ॅनिमे बघतो. जपानी कार्टून.

भाभीची मुलगी शिकायला पुण्याला गेली. फोनवर तिच्याशी काय बोलायचं हे भाभीला कळेना, म्हणून मुलगी जे बघते ते तीही बघायला लागली आणि मुलीच्या पुढे गेली. कंडक्टरताई आश्रमशाळेत असताना टीव्हीवर हिंदीतून बघायची. तिची-माझी ओळखही त्यावरूनच झाली. मी बसमध्ये मोबाइलवर एक भाग बघत होते. ती तिकीट फाडायला वाकली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्याच्यावर जीव नका लावू मॅडम, पुढं मरतंय ते."

तर आषाढातली गोष्ट. लग्नं नाहीत, गिऱ्हाईक तुरळक. गादीवर आम्ही तिघी, मध्ये भाभीचा मोठा फोन डब्याला टेकवून उभा केलेला. पण तेव्हा बघणं कमी आणि भांडणंच जास्त चालायची. भाभीचं म्हणणं, आताच्या अ‍ॅनिमेत राम राहिला नाही. "माल एकच, नुसता शिक्का वेगळा. दर वेळी कुणीतरी मरतो आणि दुसऱ्या दुनियेत जन्म घेतो. आमच्याकडे एखादं डिझाइन चाललं की पुढच्या वर्षी सगळ्या गिरण्या तेच काढतात, तसं झालंय."

मी उलटं बोलायचे. म्हणायचे, तेव्हाही टाकाऊ पुष्कळ होतं, आपल्याला फक्त चांगलं तेवढं आठवतं.

कंडक्टरताईचा राग वेगळाच होता. तिने कुठेतरी वाचलं होतं की जपानात ही चित्रं काढणारी माणसं दिवसरात्र राबतात, टेबलाखालीच झोपतात, आजारी पडतात. ते तिच्या डोक्यातून जाईना. "डबल ड्युटी काय असती ते मला इचारा," ती म्हणायची. "दुसऱ्या दिवशी पाय माझं ऱ्हात न्हाईत. आन आमी हितं गादीवर बसून म्हणायचं, ह्यो भाग बरा न्हाई, त्यो भाग बरा न्हाई. मी तर बघायचंच सोडनार हाय."

सोडणार म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी यायची.

त्या महिन्यात एक नवी मालिका चालू होती. तिच्यात एक छोटंसं दृश्य होतं: एक बाई गच्चीवर येते, ओली चादर झटकते आणि दोरीवर टाकते. एवढंच. कथेशी काही संबंध नाही. पण ती चादर अशी काही उडाली की मी तिथेच थांबवून परत लावलं.

"बघा," मी म्हटलं, "आणि म्हणे राम राहिला नाही."

"ते काम्प्युटरनं केलंय," कंडक्टरताई म्हणाली. "माणूस काढंल व्हय असलं? आता समदं बटन दाबलं की व्हतं."

भाभीने चष्मा वर सरकवून तिसऱ्यांदा बघितलं. "नाही," ती म्हणाली. "कॉम्प्युटरचं कापड मी बघितलंय, प्लॅस्टिकसारखं पडतं. हे कुणीतरी हाताने काढलंय."

"कशावरनं?"

"ते नाही सांगता येत."

वाद त्या दिवशी मिटला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "आपण काढून बघू या. चादर नको, साडी. भाभी रोज साड्या उलगडून टाकतेच आहे. जमतंय का माणसाला, ते तरी कळेल."

दोघींनी माझ्याकडे मला ताप आला असावा तसं बघितलं. पण भाभी उठली. रॅकमधून एक साधी, फक्त काठ असलेली निळी साडी काढली आणि म्हणाली, "डिझाइनवाली घेतली तर मरू."

मी फोन घेतला, चित्रण संथ होईल असं बटण दाबलं, आणि भाभीने रोज करते तसं केलं. घडी हातात धरून मनगटाला एक झटका, आणि साडी गादीभर पसरली. डोळा मिटायच्या आत झालं.

मग आम्ही ते सावकाश बघितलं.

ते मला अजून नीट सांगता येत नाही. भाभीचा हात थांबतो तेव्हा साडीला ते अजून माहीतच नसतं. ती पुढे जात राहते. मग मधला भाग हवेने भरून पोटासारखा फुगतो. हाताजवळ एक लाट उठते आणि कापडातून धावत जाते. पदराचं टोक सगळ्यांत शेवटी निघतं, इतकं मागे की वाटतं, राहूनच गेलं. ते उठतं, गादीवर टेकतं, पुन्हा बोटभर उडतं आणि मग निजतं. आणि हे सगळं होत असताना भाभीचा चेहरा शांत, ती गिऱ्हाइकाकडे बघते तशी बघते आहे.

"आगं आई," कंडक्टरताई एवढंच म्हणाली.

भाभी स्वतःच्या हाताकडे बघत होती. "वीस वर्षं मी हे करते," ती हळूच म्हणाली. "आणि हे असं होतं?"

चित्रं काढायला काचेचा काउंटर होताच. त्याच्या आत ट्यूब होती. ब्लाउजपीस बाहेर काढले, वर ट्रेसिंग पेपर ठेवला की खालचा कागद लख्ख दिसायचा. एका सेकंदाला निदान डझनभर चित्रं लागतात एवढं मला माहीत होतं. मी गणिताची बाई. साडी जेवढं अंतर जायची तेवढ्याचे समान भाग केले आणि प्रत्येक कागदावर एकेक भाग पुढे सरकवला. कंडक्टरताई काठ काढायची, मी बाकीचं. भाभी काढत नव्हती, पण आमच्या मानेमागे उभी राहून "हे लाकूड झालं," "इथे हवा नाहीये," असं सांगायची. स्टँडवर ताईची गाडी लागली की ती अर्धं चित्र टाकून पळायची.

एवढं करून सगळे कागद हातात धरून अंगठ्याखालून एकामागून एक भर्रकन सोडले, तर साडी दुकानाच्या शटरसारखी खाली आली. खडखडत, एकसारखी. आम्ही तिघी खूप हसलो.

घरी जाऊन मी ते चित्रण पुन्हा पुन्हा थांबवून बघितलं तेव्हा माझी चूक दिसली. साडी समान भागांनी जातच नव्हती. निघताना अगदी थोडी थोडी हलत होती, मध्ये एका दमात लांब जात होती आणि पडताना पुन्हा रेंगाळत होती. ते रेंगाळणं कागदावर आलं नाही तर ते कापड नाही. म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी चित्रं जवळजवळ हवीत, मध्ये लांब लांब. आम्ही सगळं फाडलं आणि नव्याने सुरुवात केली.

श्रावण लागला. भाभी जैन, तिचे चातुर्मासाचे उपास आणि सकाळची प्रवचनं चालू होती, तरी दुपारी काउंटरची ट्यूब लागलेली असायची. माझी मान धरली. कंडक्टरताईच्या बोटाला पेन्सिलीचा घट्टा आला. एका कागदावर भाभीचा हात फारच जाड झाला होता. त्यावर दोन दिवस भाभी माझ्याशी नीट बोलली नाही.

आणि मग एका दुपारी झालं. बाहेर पावसाची भुरभुर होती, दुकानात कुणी नव्हतं. कंडक्टरताईने कागदांची गड्डी डाव्या हातात घट्ट धरली, अंगठ्याने कडा वाकवली आणि सोडली.

साडी उलगडली.

आम्ही काढलेल्या रेघा होत्या त्या. काही वाकड्या, काही पुसून पुन्हा काढलेल्या, जाड हातही तिथेच. पण कापड हवेने फुगलं, लाट धावली, पदर मागे राहिला आणि टेकून पुन्हा बोटभर उडाला. मी काढलेल्या गोष्टीला माझ्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं, ती आपली आपण हलत होती. ताईने परत सोडलं. परत. भाभीने तोंडाला पदर लावला होता. पदराआडून तिचे ओठ हलताना दिसत होते, नमोकार मंत्र म्हणते तेव्हा हलतात तसे.

तेवढ्यात मालक झोपून उठून आले. दारातच थांबले. "काय झालं? कोण गेलं का?"

"या, इकडे बघा," भाभी म्हणाली. त्यांनी बघितलं. एकदा, मग आणखी एकदा. "ही तू आहेस," ते म्हणाले. चेहऱ्याच्या जागी मी नुसता एक गोल काढला होता, त्यात डोळे नव्हते, नाक नव्हतं. तरी त्यांनी ओळखलं.

ते गल्ल्यावर जाऊन बसले तेव्हा मी फोनवर ती गच्चीवरची चादर लावली. आता आमच्या साडीपेक्षा तिच्यात किती जास्त होतं ते दिसत होतं. चादर ओली होती, म्हणून तिचं जड असणं दिसत होतं. तिच्यातून थेंब उडत होते आणि प्रत्येक थेंब वेगळा पडत होता. वारा बाईच्या केसांतून आधी जात होता, मग चादरीतून. बाई दोन्ही हात वर करताना टाचांवर किंचित उठत होती. ते आम्हाला आधी दिसलंच नव्हतं. आमचा आषाढ-श्रावण एका साडीत गेला, आणि इथे कुणीतरी एवढं सगळं अशा दृश्यात ओतून ठेवलं होतं, जे बघताना लोक चहाचा घोट घेतात.

ताईने ते दृश्य पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"माणसानंच केलंय हे," शेवटी कंडक्टरताई म्हणाली. भाभी जिंकली होती, पण ती अजून त्या चादरीकडेच बघत होती.

"मग आता बघणार ना?" मी विचारलं.

"बघनार की. न्हाई कशाला?" ती म्हणाली. मग कागद सरळ करायला लागली. "पन मॅडम, मला आता लईच राग यायला लागलाय. आदी वाटायचं, काम करून घेत्यात. आता कळतंय काय काम करून घेत्यात. असल्या हाताचं माणूस टेबलाखाली झोपवत्यात व्हय?"

भाभीने नमुन्यासाठी काढून ठेवलेल्या निळ्या साडीची घडी घातली आणि म्हणाली, "मी म्हणते सगळं एकसारखं झालंय, ते अजूनही म्हणते. पण एकसारख्यातही कुणीतरी अशी चादर काढून जातो." तिथून वाद पुन्हा सुरू झाला. या वेळी मी कुणाच्या बाजूने आहे हे माझं मलाच कळत नव्हतं. ताईची गाडी लागल्याचा हॉर्न स्टँडकडून आला तरी ती उठेना, भाभीला सांगत होती की त्या माणसांना रजा मिळायलाच पाहिजे, आणि भाभी म्हणत होती, रजा मिळू दे, पण त्यांना निदान एखादी नवी गोष्ट तरी सुचू दे.