मामाला भारी

माझ्या भाचीला पहिला दात वरचा आला, आणि तेवढ्या कारणावरून तिला माझ्या घरातून हलवलं. हे वाचून कुणाला हसू येईल. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो.

ताई बाळंतपणात गेली. माझी एकुलती एक बहीण, माझ्याहून थोरली. दाजी कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर, पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. त्यामुळे पोर दवाखान्यातून थेट मुरबाडकडच्या आमच्या गावी आली. घरात आई आणि मी, दोघंच. आईला लेकीसाठी धड रडायलाही सवड मिळाली नाही, आणि मला वाटतं तेच बरं झालं. माझं लग्न झालेलं नाही, कामाला कारखान्यात, बाळाला उचलायचं कसं इथपासून अडाणी. पण शिकलो. गळ्यात पडलं की येतं सगळं.

होळीच्या सुमारास ती रात्री उठायला लागली. आधी एकदा, मग दोनदा, मग ही बया झोपते तरी कधी, असं वाटू लागलं. लाळ गळून झबलं कायम ओलं, गाल लालभडक, मुठी तोंडात. शेजारणी सल्ले द्यायला तयारच होत्या. एकीने जायफळ उगाळून दे म्हणून सांगितलं, दुसरीने खारकेला दोरा बांधून चोखायला दिली, तिसरी म्हणाली दृष्ट काढा. आईने मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या खकाण्याने पोर दुप्पट रडली आणि आम्ही दोघं अंगणात खोकत उभे राहिलो.

रात्री तिला घेऊन मी पडवीत फेऱ्या मारायचो आणि वैतागून म्हणायचो, "तुजी आई येवडी गरीब, तू कुनावर गेलीस गो?" म्हणून झालं की आठवायचं, हा वैताग ताईच्या वाट्याचा होता. डोळे चोळत उठायचं तिने, चिडायचं तिने, सकाळी पाहुण्यांसमोर "रात्रभर जागवलं कार्टीने" असं कौतुकाने सांगायचंही तिनेच. ते सगळं मी करत होतो, आणि मला ते आवडायला लागलं होतं. कारखान्यात मी मशीनजवळ पेंगायचो म्हणून सगळे मला "बाळंतीण" म्हणायला लागले. मी चिडत नव्हतो.

मग एका सकाळी पेज भरवताना चमच्यावर काहीतरी वाजलं. टक. आई हसली, मला हाक मारली आणि बोटाने पोरीचा ओठ वर केला. तिचं हसू तिथल्या तिथे गेलं.

"वरचा हाय," ती म्हणाली.

आमच्याकडे पहिला दात खालचा यावा लागतो. वरचा आधी आला तर ते मूल मामाला भारी, म्हणजे मामाच्या जिवावर बेतणार. त्यावर उपायही आहे. मामाने भाच्याचं तोंड आधी तेलात बघायचं, मग समोरासमोर. तोवर दोघांनी एकमेकांच्या नजरेला पडायचं नाही. विधी तसा चहा उकळेपर्यंत आटपणारा. पण घरात मरण झालेलं, आणि ताईचं वर्ष होईपर्यंत असलं काही करता येणार नाही, असं भावकीतल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. वर्ष व्हायला अजून पाच-सहा महिने होते.

"आये, तांदळाच्या कनीयेवडा दात तो. तो माजं काय वाकडं करनार?"

"एक गेली माजी. तू पन गेलास तं मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

"आनि हिला कोन बघंल?"

"तिचा बाप हाय. आत्या हाय शापूरला."

मी ऐकेना, तेव्हा तिने माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "वरीस व्हायच्या आदी तिच्यासमोर गेलास तं माजं मेलेलं तोंड बघशील."

जिने नुकतीच पोटची मुलगी पोचवली, तिला शहाणपण शिकवायला मी काही पुढारी नाही. मला तिचा राग आला, अजूनही येतो. पण तिची भीती खरी होती, रात्री झोपेतसुद्धा ती हात लांब करून मी आहे का ते चाचपायची.

दाजी शहापूरहून बहिणीला घेऊन आले, तेव्हा मला गोठ्यात थांबायला सांगितलं. जीप वळणावर जाईपर्यंत पोर रडत होती. तिचं भुकेचं रडणं मला कळायचं, दातांचं कळायचं. हे तिसरंच होतं, आणि ते ऐकत मी शेणाच्या पाटीशेजारी उभा होतो.

त्यानंतर घर इतकं शांत झालं की मला झोप येईना. फोनवर तिचा फोटोही पाहायचा नाही, असा नियम कुणी केलेला नव्हता. मी गुपचूप बघायला हवा होता. पण आईची शपथ मोडू नये म्हणून मी भावकीत विचारायला गेलो. म्हाताऱ्यांनी तंबाखू मळत बराच विचार केला आणि "नको" असं ठरलं. माझी अक्कल, दुसरं काय.

वर्ष झालं. आई आणि मी किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीने शहापूरला निघालो. विधी झाला की पोर परत आमच्याकडे, असं आधीच ठरलेलं होतं. परतताना ती मांडीवर असेल, तर कुठल्या बाजूच्या खिडकीत ऊन येणार नाही, याचाही मी विचार करून ठेवला होता.

दाजींच्या घरी परातीत तेल ओतलं. मी डोळे मिटून बसलो. आत्या तिला घेऊन माझ्या पाठीमागे वाकली. "बघा," कुणीतरी म्हणालं. तेलात आधी माझंच तोंड दिसलं, मग माझ्या खांद्यावरून एक गोल चेहरा. कपाळ ताईचं, भुवया ताईच्या. मला राहवेना. मी वळलो आणि हात पुढे केले.

तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ काढला आणि आत्याच्या मानेला मिठी मारून किंचाळली. खाली, वर, दोन्हीकडे दात आले होते.

"सवय व्हईल, घे तू," आई म्हणाली. मी घेतलं. पोर माझ्या हातात लाकडासारखी ताठ झाली आणि आत्याकडे हात पसरून हुंदके द्यायला लागली. आत्या भिंतीला टेकून, दोन्ही हात पदराखाली दाबून उभी राहिली. मूल होत नाही म्हणून ती सासरहून परत आलेली होती, हे मला ठाऊक होतं. मला पोर हवी होती, फार हवी होती. पण पोरीला मी नको होतो. एकदा आई गेली तिची, दुसऱ्यांदा मीच कशी हिरावून नेऊ?

"ऱ्हाऊ द्या तिला हितंच," मी म्हटलं आणि तिला आत्याच्या कडेवर दिलं. दाजी खाली बघत राहिले. माझी आई रडायला लागली आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

जेवणं झाल्यावर आत्या अंगणात माझ्याजवळ आली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "दाढा येतायत तिला. रातची लय उठते," ती म्हणाली. "तुमी कसं निजवायचात?"

मी सांगितलं. खांद्यावर घेऊ नका. हातावर पालथी घ्या, पोट मनगटावर येऊ द्या. तोंडाशी बोट वाकवून धरा, चावलं तर चावू द्या. आणि चालताना टाच जरा जोरात टेका.

तिने तसं घेतलं. पोर थोडी कुरकुरली, बोट चावलं, मग पापण्या जड झाल्या. अंगणात दोन फेऱ्या झाल्या आणि झोपली.

"जमलं," आत्या कुजबुजली. सगळं तोंड हसत होतं तिचं.

"जमलं," मी म्हटलं आणि चपला शोधायला लागलो.