मिक्सरचे पाय

सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्यापुढे उभ्या असलेल्या मावशींचा मिक्सर उत्तम चालत होता. फक्त त्याचे रबरी पाय झिजल्यामुळे तो ओट्यावरून सरकायचा.

"याचे पाय आता येत नाहीत. नवीन मिक्सर घ्या," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

गेल्या वर्षी अशाच वाक्यावर मान डोलावून मी आईची इस्त्री भंगारात दिली होती. वस्तू कधी संपली हे जिनं ती वापरली तिनं ठरवायचं, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

मावशींनी पिशवीतून जुन्या स्लिपरचे कापून आणलेले चार तुकडे काढले. "मग तुमचा स्क्रू ड्रायव्हर द्या जरा."

पाय बसवून त्यांनी काउंटरवरच मिक्सर सुरू केला. तो माणूस काहीतरी सांगत होता, पण त्या आवाजात ऐकू आलं नाही. मिक्सर जागचा हलला नाही. मावशीही हलल्या नाहीत.